मत्स्यपेटी आणि तिची बैठक

घरी लहानशी मत्स्यपेटी करवून घेणारे गृहस्थ बहुधा प्रथम काच पाहतात आणि बैठकीचा विचार अखेरीस करतात. वस्तुतः हा क्रम उलट असावयास हवा.

६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा पेटीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. त्या पाण्याचे वजन ५४ किलो, ६ मिलिमीटर जाड काचेचे सुमारे ११ किलो. त्यात वाळू-दगडांची भर पडली की भार ७० किलोंच्या पुढे जातो. तो रात्रंदिवस वाहावयाचा, तर भुशाच्या दाबीव फळ्या कामाच्या नाहीत. ओल लागताच त्या फुगून खचतात. सागासारखे भरीव लाकूड अथवा रंग दिलेले पोलाद घ्यावे. आपल्या मॉरिशसच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने उघडे लोखंड लवकर गंजते. बैठक पाणसळीने तपासावी. ती कलती राहिल्यास काचेवर ताण येऊन सांधा उकलण्याचे भय असते.

ॲक्रिलिकचे वजन काचेच्या निम्म्याहून कमी, परंतु त्यावर ओरखडे चटकन उमटतात. म्हणून लहान पेटीस काचच बरी. पेटी जितकी उंच, तितका तळाशी पाण्याचा दाब अधिक. काचही तितकी जाड हवी. सांध्यांसाठी बुरशीनाशक नसलेले सिलिकोनच वापरावे. स्नानगृहासाठी मिळणाऱ्या पुष्कळ प्रकारांतील बुरशीनाशक माशांना घातक ठरते.

पेटी प्रथम नुसत्या पाण्याने भरून काही दिवस पाहावी, मगच मासे सोडावेत. मुक्या जीवांना आपण घर देतो. ते पक्के असणे हे आपलेच कर्तव्य होय.