युरियाने उपाशी ठेवलेली जमीन

हिमाचल प्रदेशातल्या पालमपूरच्या कृषी विद्यापीठात १९७२ पासून एकाच शेतात मका आणि गहू घेतले जात आहेत. प्रत्येक तुकड्याला वर्षानुवर्षे तीच ठरलेली खते. जमीन मुळातच आम्लधर्मी. ज्या तुकड्यांना नुसता युरिया मिळत राहिला, तिथले उत्पादन घटत घटत शून्यावर आले. काहीच न घातलेल्या तुकड्यांनीही त्यापेक्षा जास्त धान्य दिले!

युरियापासून अमोनियम होते आणि जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, तेव्हा आम्ल सुटते. पिकाने न उचललेले नायट्रेट पावसाबरोबर खाली झिरपते, जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियमही घेऊन जाते. सामू साधारण साडेपाचच्या खाली घसरला की मातीतले अॅल्युमिनियम विरघळू लागते. रोप उपटून पाहिले तर मुळ्या आखूड, जाडसर, टोके बोथट दिसतात. स्फुरद मातीतच अडकून बसते.

सर्वांत चांगले पीक आले ते नत्र, स्फुरद, पालाश यांच्या जोडीला शेणखत किंवा चुना मिळालेल्या तुकड्यांत. चुना आम्ल मारतो, मात्र तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. शेणखत अॅल्युमिनियमला जखडून ठेवते, शिवाय अन्नद्रव्येही देते. म्हणून मला शेणखत अधिक मोलाचे वाटते.

कोकणातली जांभी जमीनही आम्लधर्मी आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी माती तपासून, अहवाल पाहूनच चुना द्यावा; युरियासोबत तर मुळीच नको, नत्र हवेत उडून जाते. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीला मात्र चुन्याची गरज नाही.