सूज उतरवणारी गोळी केमोचा जोर वाढवते का?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर केमो सुरू झाली की नातेवाइकांचे सल्लेही सुरू होतात. “सोबत ॲस्पिरिन चालू ठेवा, पेशी लवकर मरतात,” हा त्यातलाच एक. त्याला थोडा आधार आहे, म्हणून तो नीट तपासायला हवा.

गैरसमज: प्रयोगशाळेत पेशी मेल्या, म्हणजे रुग्णालाही गुण येणार.

या कॅन्सरच्या बहुतेक गाठींत कॉक्स-2 नावाचं विकर जास्त तयार होतं. त्यातून बनणारं प्रोस्टाग्लँडिन पेशींना वाढायला आणि केमोच्या माऱ्यातून तगायला मदत करतं. सेलेकॉक्सिब ही ॲस्पिरिनसारखीच सूज उतरवणारी गोळी ते विकर रोखते. बशीतल्या पेशींवर 5-एफयू या केमोच्या औषधासोबत ती घातली, तेव्हा बऱ्याच प्रयोगांत जास्त पेशी मेल्या. पण एचसीटी-15 सारख्या, कॉक्स-2 न बनवणाऱ्या पेशीही तिने मरतात. म्हणजे औषधाच्या वाटा एकाहून जास्त आहेत. शिवाय अशा प्रयोगांतली मात्रा अनेकदा गोळी घेणाऱ्याच्या रक्तात पोचते त्याच्या कितीतरी पट असते. ही गोष्ट बातम्यांत क्वचितच येते, आणि सगळी गफलत तिथेच होते.

खरी कसोटी माणसांवर झाली. तिसऱ्या स्टेजच्या 2,500 हून अधिक रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर फॉल्फॉक्स केमो दिली. निम्म्यांना सोबत तीन वर्षं रोज 400 मिलिग्रॅम सेलेकॉक्सिब, बाकीच्यांना औषध नसलेली तशीच गोळी. 2021 मध्ये निकाल आला: तीन वर्षांनंतर रोग न उलटता जगणारे अनुक्रमे 76.3 टक्के आणि 73.4 टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो.

गैरसमज: मग या गोळ्यांचा काहीच उपयोग नाही.

स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंडमधल्या चाचणीचा निकाल 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गाठीत पीआयके3सीए जनुकात ठरावीक बदल होते, त्यांना शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षं रोज 160 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं. तीन वर्षांत रोग उलटण्याचं प्रमाण 14.1 वरून 7.7 टक्क्यांवर आलं. हा केमोचा जोर वाढल्याचा पुरावा नाही, पण निकाल मोठा आहे. मला यातली जनुकतपासणी सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण गोळी कोणाला द्यायची हे तिच्यावरून ठरलं.

गैरसमज: साधी दुखण्यावरची गोळी, तिने काय होणार?

केमोत प्लेटलेट्स घटतात. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने उरलेल्यांचंही काम मंदावतं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांचा ताण किडनीवर येतो, आणि फॉल्फॉक्समधलं ऑक्झालिप्लॅटिन हे औषध शरीराबाहेर जातं ते मुख्यतः किडनीवाटेच. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप ही जंतुसंसर्गाची एकमेव खूण असू शकते; गोळीने तो दबला तर दवाखाना गाठायला उशीर होतो. म्हणून केमो चालू असताना अंग तापलं, तर आधी थर्मामीटर लावा, आकडा लिहून ठेवा आणि गोळी घेण्यापूर्वी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. हृदयविकारासाठी आधीपासून ॲस्पिरिन चालू असेल तर तेही त्यांना सांगा, परस्पर बंद करू नका.