निरोगी अंडीपुंज आणि गावातील रोजगार : टसर रेशीम उद्योगातील ‘प्रदान’चा अनुभव

अल्प उत्पन्न गटातील ग्रामीण कुटुंबांसाठी कौशल्य प्रशिक्षणाचे अनेक कार्यक्रम राबविले जातात. प्रशिक्षण पूर्ण होते, प्रमाणपत्र हाती येते. परंतु पुढील हंगामात तेच प्रशिक्षणार्थी मजुरीसाठी परगावी गेलेले आढळतात. यास बहुधा त्यांची अनास्था जबाबदार ठरविली जाते. प्रत्यक्षात शिकविलेले कौशल्य उत्पादनसाखळीतील ज्या दुव्यावर बसावयास हवे, तो दुवाच गावाबाहेर राहिलेला असतो. झारखंडमधील टसर रेशीम उद्योगात ‘प्रदान’ या संस्थेने केलेले काम या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. येथे रोजगाराचा प्रश्न एका सूक्ष्म रोगजंतूशी निगडित होता आणि त्याची उकल गावातच सूक्ष्मदर्शक पोहोचविण्यात होती.

संस्था आणि तिचे कार्यक्षेत्र

‘प्रदान’ ही ना-नफा तत्त्वावर चालणारी संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. उच्चशिक्षित तरुण-तरुणींनी गरीब कुटुंबांसमवेत प्रत्यक्ष ग्रामीण भागात राहून उपजीविकेचे काम करावे, ही तिची मूळ भूमिका आहे. संस्थेचे एक संस्थापक दीप जोशी यांना २००९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्काराने सन्मानित करण्यात आले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस संस्थेने तत्कालीन बिहारमधील, म्हणजे आजच्या झारखंडमधील, गोड्डा जिल्ह्यात टसर विषयक काम सुरू केले. या भागातील आदिवासी कुटुंबांना टसर कीटक नवा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या ते जंगलातील ऐन, अर्जुन व साल या वृक्षांवर त्याचे संगोपन करीत आले आहेत. तथापि उत्पन्न अनिश्चित झाल्याने अनेक कुटुंबांनी हा व्यवसाय सोडला होता. त्यांना संगोपन येत नव्हते असे नव्हे. त्यांना निरोगी अंडीपुंज वेळेवर मिळत नव्हते.

दुबळा दुवा कोणता?

टसर कीटकाचे शास्त्रीय नाव ॲन्थेरिया मायलिटा असे आहे. तुतीवरील रेशीम कीटकाप्रमाणे त्याचे संगोपन घरात होत नाही. अळ्या झाडावर, उघड्यावर वाढतात, चार वेळा कात टाकतात आणि पाचव्या अवस्थेअखेर देठासह टणक कोष विणतात. झारखंडमध्ये प्रचलित असलेल्या ‘डाबा’ या जातीच्या द्विपिढी प्रकाराची वर्षातून दोन पिके येतात. हिवाळ्यातील कोषांमधील प्यूपा जानेवारीपासून सुप्तावस्थेत राहतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर पतंग बाहेर पडतात. जुलै-ऑगस्टमधील पहिले पीक मुख्यतः बीजकोषांसाठी घेतले जाते. त्यापासून तयार झालेल्या अंड्यांवर सप्टेंबर ते डिसेंबर या काळातील व्यापारी पीक अवलंबून असते.

या कीटकाच्या घातक रोगांपैकी ‘पेब्रिन’ हा विशेष धोकादायक होय. तो नोसेमा वंशातील सूक्ष्मबीजाणूंमुळे होतो. दूषित पाल्यावाटे तो एका अळीकडून दुसरीकडे जातो, शिवाय बाधित मादीच्या अंड्यांतूनही पुढील पिढीत उतरतो. अंडी बाहेरून निर्जंतुक केली तरी त्यांच्या आत असलेला जंतू नष्ट होत नाही. रोग झालेल्या अळीवर औषध फवारून पीक वाचविता येईल, असा व्यवहार्य उपाय शेतकऱ्याजवळ नसतो. म्हणून प्रतिबंध हाच उपचार ठरतो.

प्रतिबंधाची पद्धत लुई पाश्चर यांनी दक्षिण फ्रान्समध्ये १८६५ पासून केलेल्या संशोधनातून पुढे आली. प्रत्येक मादीची अंडी स्वतंत्र ठेवावीत, अंडी घालून झाल्यावर त्या मादीचे पोट सौम्य द्रावणात कुटून त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा आणि बीजाणू आढळल्यास तिची सर्व अंडी नष्ट करावीत, हे तिचे सार. एका मादीपासून मिळालेल्या अशा तपासलेल्या अंड्यांच्या समूहास आपण ‘रोगमुक्त अंडीपुंज’ म्हणतो.

या तपासणीचे महत्त्व साध्या हिशेबाने स्पष्ट होते. एक मादी सुमारे २०० अंडी घालते असे धरू. १०० माद्यांपैकी केवळ ५ बाधित असल्या आणि त्यांची अंडी तपासणीवाचून वाटली गेली, तर सुमारे १,००० अंडी बाधित माद्यांची असतील. त्यांतून निघालेल्या रोगट अळ्या त्याच झाडांवरील निरोगी अळ्यांचा पालाही दूषित करतात. शेतकऱ्यास हे समजते ते बहुधा अळ्या मोठ्या झाल्यावर; तोपर्यंत महिनाभराची राखण वाया गेलेली असते. ज्या कुटुंबाने भातलावणी आटोपून उरलेले मनुष्यबळ या पिकावर लावले, त्याच्यासाठी हे नुकसान वर्षभराच्या रोख उत्पन्नाचे असते.

अंडी दूरवरून का आणता येत नाहीत?

रोगमुक्त अंडीपुंज शासकीय केंद्रांत तयार होत होतेच. मग अडचण कोठे होती? पुरवठा अपुरा होता हे एक कारण. दुसरे कारण जीवशास्त्रीय आहे. टसरची अंडी साधारणतः ८ ते १० दिवसांत उबतात. त्यांपैकी काही दिवस अंडी घालण्यात, तपासणीत व धुण्यात जातात. उरलेल्या अवधीत दूरच्या केंद्रातून जंगलालगतच्या वस्तीपर्यंत अंडी पोहोचविणे कठीण असते. उशीर झाल्यास अळ्या वाटेतच बाहेर पडतात. पावसाच्या लहरीनुसार पालवी फुटण्याची वेळ चुकली तर आलेली अंडीही निरुपयोगी ठरतात. भाताचे बियाणे कोठारात ठेवता येते, तसे टसरच्या व्यापारी पिकाच्या अंड्यांचे करता येत नाही.

यावरून निष्कर्ष उघड होता. अंडीपुंज निर्मिती गावाजवळच व्हावयास हवी आणि ती करणारी माणसेही गावातीलच हवीत.

गावातील अंडीपुंज निर्मिती केंद्र

‘प्रदान’ने केंद्रीय रेशीम मंडळाच्या सहकार्याने ही जबाबदारी स्थानिक तरुण संगोपकांकडे सोपविण्याचा मार्ग स्वीकारला. रांची येथील केंद्रीय टसर संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६४ पासून या विषयाचे शास्त्रीय ज्ञान देत आली आहे. मंडळाच्या यंत्रणेकडून मूलबीज, गावातील निवडक संगोपकांकडून बीजकोष, खासगी केंद्रचालकांकडून अंडीपुंज आणि उर्वरित शेतकऱ्यांकडून व्यापारी कोष, अशी कामाची विभागणी करण्यात आली. सोबतच पडीक माळरानांवर अर्जुन व ऐन यांची लागवड हाती घेण्यात आली. अशी झाडे संगोपनास योग्य होण्यास तीन-चार वर्षे लागतात. त्यानंतर मात्र संगोपकाला दूरच्या जंगलात मुक्काम करावा लागत नाही आणि कोवळ्या अळ्यांना नायलॉन जाळीखाली ठेवून मुंग्या, गांधीलमाशी व पक्षी यांपासून वाचविता येते.

केंद्रचालकास काय शिकावे लागते, हे पाहिले म्हणजे ‘कौशल्य’ या शब्दाचा अर्थ कळतो. बीजकोषांच्या माळा हवेशीर खोलीत टांगणे, सायंकाळनंतर बाहेर पडणाऱ्या पतंगांचे मीलन घडवून सकाळी जोड्या विलग करणे, प्रत्येक मादीस स्वतंत्र झाकणबंद पात्रात ठेवणे ही कामे सरावाने जमतात. खरी कसोटी सूक्ष्मदर्शकाजवळ असते. सुमारे ६०० पट मोठ्या दिसणाऱ्या थेंबात पेब्रिनचे बीजाणू चकाकणारे, लंबगोल दिसतात. परंतु चरबीचे कणही तसेच भासतात. हा भेद डोळ्यांत भरण्यास अनुभवी तपासनीसाच्या शेजारी बसून अनेक नमुने पाहावे लागतात. दोन दिवसांच्या वर्गाने ते साधत नाही.

मिळणारा रोजगारही समजून घ्यावा. काही कोषांतून पतंग निघत नाहीत, निघालेल्यांत सुमारे निम्मे नर असतात आणि काही माद्या नाकारल्या जातात. त्यामुळे साधारण चार बीजकोषांमागे एक अंडीपुंज मिळतो, असे प्रमाण धरले जाते. या हिशेबाने ५,००० बीजकोष घेणाऱ्या केंद्रास सुमारे १,२५० अंडीपुंज मिळतील आणि प्रत्येकी २०० घेणाऱ्या सहा कुटुंबांची गरज भागेल. म्हणजे एका तरुणाच्या हंगामी व्यवसायावर सहा घरांचे पीक उभे राहते.

विक्रेताच परीक्षक

या रचनेत एक अवघड प्रश्न दडलेला आहे. अंडी विकणारा आणि ती तपासणारा एकच असतो. माद्यांमध्ये दहा टक्के बाधा आढळल्यास १,२५० पैकी १२५ पुंज त्याने स्वतःच्या हाताने नष्ट करावयाचे असतात. खर्च मात्र सर्व पुंजांवर झालेला असतो. मोह होणे स्वाभाविक आहे. गावातील केंद्राचा एक फायदा असा, की ग्राहक त्याच पाड्यावरील शेजारी असतात आणि पीक बुडाले तर पुढील हंगामात अंडी घेण्यास कोणी येत नाही. तथापि केवळ प्रतिष्ठेवर विसंबणे शास्त्रीय दृष्ट्या पुरेसे नाही. म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरणे इष्ट होय. पहिली, अंडीपुंजांची किंमत ठरविताना नाकारलेल्या पुंजांचा खर्च तीत धरावा. तसे न केल्यास प्रामाणिक तपासणी तोट्याची ठरते. दुसरी, तपासलेल्या काचपट्ट्यांपैकी काहींची फेरतपासणी दुसऱ्या केंद्राच्या चालकाने किंवा शासकीय तपासनीसाने करावी. तिसरी, कोणत्या तुकडीची अंडी कोणाकडे गेली याची नोंदवही असावी आणि अळ्या लहान असतानाच नमुने तपासावेत.

कोषापुढील काम

टसर कोष नगावर विकण्याची प्रथा आहे. ८० कोषांचा एक ‘पण’ आणि १६ पणांचा, म्हणजे १,२८० कोषांचा, एक ‘कहाण’. कोष प्रतवारी न करता विकले तर चांगल्या कोषांनाही हलका भाव मिळतो. त्यापुढील धागा काढण्याचे काम परंपरेने स्त्रिया करीत आल्या आहेत. अनेक ठिकाणी तो उघड्या मांडीवर वळून काढला जातो; त्यामुळे त्वचेस इजा होते आणि मोबदलाही अत्यल्प मिळतो. यंत्रावर बसून धागा काढण्याचे प्रशिक्षण हा म्हणूनच ‘प्रदान’च्या कामाचा दुसरा भाग ठरला. पतंग बाहेर पडल्याने छिद्र झालेले कोषही वाया जात नाहीत. त्यांपासून ‘घिचा’ नावाचे जाडसर सूत काढतात. एका केंद्राची शिल्लक अशा रीतीने दुसऱ्या घराचा कच्चा माल होते.

येथेही केवळ हस्तकौशल्य पुरेसे नव्हते. कोष वर्षातून दोनदा येतात, तर धाग्याचे काम बारमाही हवे असते. हंगामात कोष खरेदी करून साठविण्याइतके भांडवल एकट्या स्त्रीजवळ नसते. या गरजेतून २००५ मध्ये ‘मसूता’ ही धागा उत्पादक महिलांच्या मालकीची उत्पादक कंपनी स्थापन झाली. कोषांची सामूहिक खरेदी आणि धाग्याची विक्री ही कामे तिच्याकडे आली.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

टसर हे पूरक उत्पन्न आहे, याचे भान ठेवावे. अतिवृष्टी, उझी माशी किंवा विषाणुजन्य रोग यांमुळे चांगल्या अंड्यांचे पीकही हातचे जाते. परंतु अंडीच रोगट असतील तर उर्वरित सर्व प्रशिक्षण निरर्थक होते. विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत ढिवर व अन्य समाज ‘कोसा’ पिकवितात. ऐनाची जंगले तेथेही आहेत आणि निरोगी अंडीपुंजांचा प्रश्नही तोच आहे.

इतर व्यवसायांसाठीही हीच रीत उपयुक्त ठरावी. मधमाशीपालन असो, लाखशेती असो अथवा जैविक कीडनियंत्रणासाठी मित्रकीटकांचे उत्पादन असो, प्रशिक्षणाचा आराखडा करण्यापूर्वी कार्यकर्त्याने शोधावे की उत्पादन नेमके कोठे अडते. मधमाशीपालनात निरोगी वसाहती, लाखेत कीटकयुक्त बीजकाड्या आणि ट्रायकोग्रामा उत्पादनात अल्पायुषी परोपजीवींचे वेळेवर वितरण असे दुवे आढळतील. तो दुवा सांभाळू शकेल अशी एक-दोन माणसे गावात तयार करावीत, त्यांना हंगामभर अनुभवी व्यक्तीच्या सोबतीने काम करू द्यावे आणि त्यांचा व्यवसाय नफ्यात राहील अशी किंमत-व्यवस्था आधी ठरवावी. त्यानंतरच शेष शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणाचे वेळापत्रक करावे. टसरच्या बाबतीत ही पूर्वतयारी बीजकोष सुप्तावस्थेत असताना, म्हणजे जानेवारी ते मे या काळात, पूर्ण होणे आवश्यक आहे. पहिला पतंग बाहेर पडल्यानंतर केवळ काही दिवस हाती उरतात.