हिरवळीवरचा पोशाख

तळेगाव दाभाड्याच्या कारखान्यांतील जी साहेबमंडळी सुटीच्या दिवशी गोल्फच्या हिरवळीवर रमतात, त्यांस कॉलरच्या सदऱ्याचा दंडक मुखोद्गत असतो. परंतु खेळाच्या जागतिक नियमावलीत पोशाखाचे स्वतंत्र कलम नाही, आणि आचारसंहिता ठरविण्याचा अखत्यार 2019 च्या नियमांनी त्या त्या मैदानाच्या समितीकडे सोपविला आहे.

युरोपीय व हिंदी सभासदांस सारखाच प्रवेश मिळावा म्हणून लॉर्ड विलिंग्डन यांनी जो क्लब मुंबईत स्थापिला, ज्याच्या आवारात आजही गोल्फ खेळला जातो, त्याच क्लबाने पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांस 1988 मध्ये, ते अनवाणी होते एवढ्याच सबबीवर, मज्जाव करावा हा दैवदुर्विलासच! चेन्नईत धोतर नेसलेल्या न्यायमूर्तींस एका क्लबाने अडविले, तेव्हा तामिळनाडूने 2014 मध्ये अशा मनाईविरुद्ध कायदाच केला. अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक गोल्फमालिकेने 2019 पासून आखूड विजारीस मुभा दिली, तीही मुख्य स्पर्धेबाहेरच्या फेऱ्यांपुरती.

धातूच्या खिळ्यांचे जोडे हिरवळ उखडतात, सबब त्यांवरील बंदी सयुक्तिक होय. कॉलरीवाचून मात्र गवताचे काही अडत नाही.