धंदा, घाई आणि निर्णय

‘नोकरी एके नोकरी’ हा पाढा आपल्याकडे पुष्कळ वर्षे म्हटला गेला. आता आपले तरुण वेल्डिंगचे वर्कशॉप, केटरिंग, छपाई, टेम्पो अशा व्यवसायांकडे वळू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. नोकरदाराला वरून आदेश येतो व तो पाळायचा असतो. धंदेवाल्याला मात्र सकाळी शटर वर केल्यापासून रात्री ते खाली ओढेपर्यंत स्वतःच निर्णय घ्यावे लागतात, आणि तेही घड्याळाकडे बघत. बँकेच्या काउंटरवर बसून आम्ही जे पाहतो त्यावरून आमचे मत असे झाले आहे की, भांडवल कमी पडल्यामुळे छोटा धंदा जसा अडचणीत येतो तसाच तो घाईत घेतलेल्या निर्णयांमुळेही येतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

घाईत नेमके काय होते? पैसा किंवा वेळ अपुरा पडला की मन आजच्या अडचणीवर खिळते आणि उद्याचे काही दिसेनासे होते. सेंधिल मुल्लाइनाथन व एल्डार शफीर या दोन अभ्यासकांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्कार्सिटी’ या पुस्तकात याला बोगद्याची उपमा दिली आहे. बोगद्यातल्या माणसाला समोरचा उजेड तेवढा दिसतो, आजूबाजूचे काही दिसत नाही.

याचे एक उदाहरण घेऊ. एखादा भाजीविक्रेता सकाळी १,००० रुपये उसने घेतो आणि संध्याकाळी १,०५० परत करतो. पन्नास रुपयांचे त्याला काही वाटत नाही, कारण मंडईत माल संपायच्या आत पोहोचायचे असते. परंतु वर्षात ३०० दिवस धंदा धरला तर हजार रुपयांसाठी त्याचे १५,००० रुपये व्याजात जातात. त्याने रोज फक्त १० रुपये बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी तेवढे कमी उचलले, आणि त्यामुळे वाचलेले व्याजही भांडवलातच घातले, तर साधारण ३७ दिवसांत त्याला उसने घ्यावेच लागणार नाही. हिशेब अवघड नाही, पण तो मांडायला सकाळच्या गर्दीत सवड नसते. तो रात्री किंवा सुटीच्या दिवशीच मांडावा लागतो.

दुसरी गोष्ट निर्णयांच्या प्रतवारीची. काही निर्णय फिरवता येतात. नवीन माल थोडा आणून पाहिला, खपला नाही, तर पुन्हा आणायचा नाही. असे निर्णय झटपट घ्यावेत. १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले हर्बर्ट सायमन यांचे सांगणे असे की, माणसाजवळ वेळ आणि माहिती नेहमीच अपुरी असते. म्हणून तो सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, गरज भागेल असा पर्याय मिळाला की थांबतो. रोजच्या व्यवहारात हेच शहाणपणाचे आहे.

काही निर्णय मात्र फिरत नाहीत. भागीदारीचा करार, दुकानाचे डिपॉझिट, घर तारण ठेवणे आणि विशेषतः जामीनकी. “नुसती सही तर करायची आहे, साहेब थांबलेत,” असे म्हणून मित्राला बँकेत आणले जाते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी कर्जदाराकडे जाईल आणि मग आपल्याकडे येईल, ही समजूत चुकीची आहे. अशा कागदावर सही करण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी, घरातल्यांना विचारावे आणि कोऱ्या कागदावर तर सही करूच नये.

याउलट काही ठिकाणी उशीर महाग पडतो. घाऊक व्यापारी म्हणतो, “३० दिवसांनी पैसे द्या, १० दिवसांत दिलेत तर शेकडा दोन सूट.” दोन टक्के किरकोळ वाटतात. परंतु ते केवळ २० दिवसांसाठी आहेत. वर्षाच्या दराने ते ३७ टक्क्यांच्या घरात जातात. बँकेचे कॅश क्रेडिट १२ टक्क्यांनी असेल तर त्यातून उचलून सूट पदरात पाडून घेणे केव्हाही बरे.

कायद्याच्या मुदतींचेही तसेच आहे. चेक तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरावा लागतो. शिल्लक नाही म्हणून तो परत आला, तर तसे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस मिळतात, आणि त्यातही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करावी लागते. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे ग्राहक-कंपनीने करारात ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावयाचे असतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हा लाभ नाही.

कर्जाचा हप्ता ९० दिवसांपेक्षा अधिक थकला की खाते बुडीताच्या वाटेवरचे, म्हणजे एनपीए, ठरते. पहिला हप्ता चुकण्याची चिन्हे दिसताच शाखेत येऊन बोलावे. ऐंशीव्या दिवशी आलेल्या माणसासाठी फारसे काही करता येत नाही.

अलीकडे ही घाई मुद्दाम निर्माण केली जाते. “आज रात्री खाते बंद होईल, लगेच ओटीपी सांगा,” असा फोन आला की तो ठगाचाच समजावा व ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर आणि बँकेत कळवावे.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. गल्ल्याशेजारी एक डायरी असावी. तिच्यात देण्याघेण्याच्या तारखा मुदतीच्या आठ दिवस आधीच्या पानावर लिहाव्यात. उधारी किती द्यायची आणि कोणत्या दरापुढे कर्ज घ्यायचे नाही, हे डोके शांत असताना ठरवून पहिल्या पानावर उतरवावे. विद्यार्थ्यांनी आईवडिलांच्या धंद्याची ही डायरी ठेवण्याचे काम आपल्याकडे घ्यावे. व्यापाराचे शिक्षण त्यांना घरातच मिळेल, आणि घाईच्या वेळी घरात निदान एकाजवळ तरी हिशेब तयार असेल.