ॲक्सोलोटलच्या पिल्लाचं पाणी: नितळ दिसतं, पण सुरक्षित आहे का?

मोबाईलवर हसऱ्या चेहऱ्याचा ॲक्सोलोटल दिसला की मुलं हट्ट धरतात, "आपल्याकडेही आणूया ना!" माशासारखा दिसणारा हा प्राणी खरं तर सॅलमँडर, म्हणजे बेडकाच्या दूरच्या नात्यातला. त्याचं मूळ घर म्हणजे मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोचे थंड, संथ कालवे. म्हणूनच पाण्याचा जोरदार झोत त्याला सोसत नाही. पिल्लू बिथरतं, खाणं सोडतं. मग मोठ्या फिल्टरशिवाय पाणी चांगलं कसं ठेवायचं?

न दिसणारं विष

विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजलं की अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. टँकमधले उपयोगी जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्यामुळे आधी टँक तयार करा, पिल्लू नंतर आणा.

हे नक्की करा

• छोट्या एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावा. तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे जिवाणू मरतात.
• उरलेलं अन्न आणि विष्ठा रोज जाड ड्रॉपरनं उचला.
• फिल्टर नसलेल्या टबातलं पाणी रोज पूर्ण बदला. तयार टँकमध्ये आठवड्याला पाव भाग पुरे.
• नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि जुन्याइतकंच थंड हवं.
• टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्यच दिसायला हवेत.
• तळाशी बारीक खडे नकोत, पिल्लू ते गिळतं.

लखनौचा उन्हाळा

ॲक्सोलोटलला १६ ते १८ अंश तापमान मानवतं. २४ च्या वर धोका. लखनौत मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो आणि अमोनिया अधिक विषारी होतो. टँकवर पंखा लावला तर पाणी काही अंशच उतरतं. त्यामुळे चिलर किंवा दिवसरात्र एसीची खोली आणि वीज गेल्यावरची सोय आधी पाहा. परदेशी प्राण्यांसाठी सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवरचे नोंदणीचे नियमही वाचून घ्या.

हे जमणार नसेल, तर मुलांना ते प्रेमानं समजावून सांगा. सोचिमिल्कोत १९९८ मध्ये चौरस किलोमीटरमागे सुमारे ६००० ॲक्सोलोटल होते. २०१४ पर्यंत जेमतेम ३६ उरले. दूषित पाणी हे त्यामागचं एक मोठं कारण. निदान आपल्या घरातल्या टँकमध्ये तरी तसं घडू नये.