सुट्टे नाहीत? स्कॅन करा!

एसटीच्या तिकिटामागे वाहकाने पेनाने लिहिलेला आकडा अनेकांना आठवत असेल. उरलेले पैसे उतरताना मागून घ्यायचे आणि नेमके तेच विसरायचे. किराणा दुकानात सुट्ट्यांऐवजी मिळणारी चॉकलेटची गोळी हे तर बिनसरकारी नाणेच होते; फक्त दुकानदार ते परत घेत नसे.

ही कटकट मोबाइलने बरीच कमी केली. श्रेय नोटाबंदीला दिले जाते, ते अर्धेच खरे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची यूपीआय व्यवस्था एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे नोटाबंदीच्या सात महिने आधीच मुंबईत जाहीर झाली होती. त्याच वर्षी डिसेंबरात मुरबाड तालुक्यातले धसई हे राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून गाजले, पण तिथे भर कार्ड घासण्याच्या यंत्रांवर होता. वडापावच्या गाडीला असले यंत्र कुठून परवडणार?

क्यूआर कोडला छापील कागद पुरतो. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये मोटारींच्या भागांची नोंद ठेवायला काढलेला हा चौकोन आता नारळाच्या ढिगावरही टेकवलेला दिसतो. शिवाय जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही.

तरी बाजार लगेच वळला नाही. भाजीवाल्या मावशींचे दोन्ही हात मेथीच्या जुड्यांत, समोर चार गिऱ्हाइके. मोबाइलमध्ये कोण बघत बसणार? ‘झालंय बघा मावशी’ म्हणत जुन्याच व्यवहाराचा फोटो दाखवणारे महाभागही निघाले. यावर उतारा ठरला बोलणारा डबा. त्यात सिमकार्ड असते. पैसे जमा झाल्याचा निरोप आला की तो मराठीत रक्कम पुकारतो. वाचता न येणाऱ्यालाही ती कळते, आणि मान वर न करता. यूपीआय मंडईत रुजली ती कागदावरच्या चौकोनापेक्षा या आवाजामुळे, असे म्हणायला हरकत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयचे व्यवहार महिन्याला २,००० कोटींच्या पुढे गेले. गंमत म्हणजे रोकडही घटलेली नाही. नोटाबंदीपूर्वी चलनात सुमारे १८ लाख कोटी रुपये होते. मार्च २०२४ मध्ये ते ३५ लाख कोटींच्या आसपास पोहोचले. चहाचे पैसे मोबाइलवरून जातात, कपाटातल्या नोटा कपाटातच राहतात.

रोख गल्ल्याचा हिशेब मालकाच्या डोक्यात असे. आता तो बँकेत उमटतो. कर्ज मागताना ही नोंद फेरीवाल्याच्या कामी येते. पण जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या कर विभागाने याच नोंदी पाहून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. बंगळूरच्या अनेक दुकानांतून क्यूआर कोड रातोरात उतरले आणि ‘फक्त रोख’च्या पाट्या लागल्या. जुनी थकबाकी वसूल करणार नाही, असे अखेर मुख्यमंत्र्यांना जाहीर करावे लागले.